निगुरीच्या हातचं पाणी

लग्न होऊन मी पिंपरीला आले तेव्हा मला सतरावं सरलं होतं आणि माझ्या हातचं पाणी घरात कुणी पीत नव्हतं.

आता हे वाचून भलतंसलतं मनात आणू नका. जात एक होती, पत्रिका जुळली होती, लग्नात कुणी रुसलंही नव्हतं. अडचण एवढीच की मी निगुरी होते. म्हणजे मी गुरू केला नव्हता, माझ्या कानात कुणी मंत्र सांगितला नव्हता. आणि ज्याने गुरू केलाय त्याने निगुऱ्या माणसाच्या हातचं पाणी प्यायचं नाही, असा त्या घरचा नेम. माझं माहेर चाकणच्याही पलीकडे. तिथे असलं कुणाला माहीतच नव्हतं. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, दिवसभर विहिरीवर मोट हाकायचे आणि म्हणायचे, "मला बैलं शिकिवत्यात तेवढंच पुष्कळ हाय."

तर पाण्याला मी शिवायचं नाही. बरं, काम नव्हतं असं समजू नका. शेणगोठा माझा, झाडलोट माझी, धुणं माझं. दळणसुद्धा माझंच. पीठ कोरडं, कोरड्याला बाध नाही, असा हिशेब. मी पहाटे उठून दोन पायली दळायचे, पण त्या पिठात पाणी पडायच्या आधी परात माझ्या पुढून उचलली जायची. पीठ माझं, पाणी त्यांचं. माझा स्वतःचा प्यायचा माठ मागच्या दाराशी वेगळा ठेवला होता आणि सासूबाई गुडघे धरत धरत घरचं पाणी विहिरीवरून आणायच्या. त्यांना कळ यायची, मला लाज यायची, आणि विहिरीवरच्या बायका विचारायच्या, "सून आणली का पावणी?"

मग गुरू करून टाकायचा, त्यात काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण घरात गुरू एक नव्हता, दोन होते.

आमच्याकडे सासऱ्यांना मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणायची पद्धत. मामंजींचा मार्ग नाथांचा. त्यांचे बाबाजी चाकणकडच्या एका टेकडीवर मठीत राहायचे. आत्याबाईंचा मार्ग दत्ताचा, त्यांच्या माहेरचा, तळेगावचा. लग्नाला तीस वर्षं झाली होती तरी दोघांनी आपापला मार्ग सोडला नव्हता. मामंजी सकाळी धारा काढून झाल्या की गोठ्याचं दार ओढून आत तासभर बसायचे. त्याच वेळेला आत्याबाई कणगीच्या खोलीत, म्हणजे जिथे धान्य साठवायचं तिथे, आतून कडी लावून बसायच्या. साधना म्हणजे गुपित. दुसऱ्या मार्गाच्या माणसाची नजरही पडता कामा नये, मग तो नवरा का असेना.

बाहेर आल्यावर मात्र दोघांची तोंडं मोकळी व्हायची.

"हिच्या लोकांचं समदं आरतीत आन पेढ्यात," मामंजी म्हणायचे.

"आणि यांच्या लोकांचं समदं राखेत न् धुरात," आत्याबाई चुलीला सांगायच्या. नवऱ्याशी सरळ बोलायची त्यांना सवय नव्हती. जे बोलायचं ते चुलीला नाहीतर म्हशीला.

सून आपल्या मार्गाला यावी असं दोघांनाही वाटे. मामंजी म्हणत, मी बाबाजींचा अनुग्रह घेतला तरच ते माझ्या हातचं पाणी पितील. आत्याबाई म्हणत, त्यांच्या गुरूंचा घेतला तरच. एकाचं ऐकलं की दुसरा तहानलेला. म्हणून वैशाखात लग्न झालं ते दसरा उलटला तरी मी आपली होते तिथेच. माझे यजमान काय करत होते म्हणाल, तर त्यांना नुकतीच औषधाच्या नव्या कारखान्यात नोकरी लागली होती. त्यांनीही गुरू केला नव्हता, पण ते मुलगा, त्यांना निगुरा म्हणायची कुणाची छाती? ते कंपनीच्या नळाला तोंड लावून पाणी प्यायचे. तिथे कोण सगुरा आणि कोण निगुरा, कुणी विचारत नसे. घरात हा विषय निघाला की ते डबा उचलत आणि म्हणत, "माझी शिफ्ट आहे."

माझ्या हातचं पाणी पहिल्यांदा कुणी प्यायलं असेल तर अम्मांनी. अम्मा म्हणजे निर्वासितांच्या कॅम्पातल्या एक सिंधी म्हाताऱ्या. मुलगा कापडाचे तागे विकायचा आणि त्या पापड लाटून दारोदार द्यायच्या. दुपारी आमच्या मागच्या दारी टोपली टेकवून दम खायच्या. एके दिवशी त्यांनी पाणी मागितलं. मी म्हटलं, माझ्या हातचं कुणी पीत नाही.

"क्यों? तेरे हाथ में काँटे हैं?" अम्मा म्हणाल्या, आणि माझ्याच माठातलं पाणी माझ्याकडून घेऊन गटागटा प्यायल्या.

दसऱ्यानंतर आबा मला बघायला आले. पायी आलेला माणूस, पटका घामाने भिजलेला. पडवीत बसून त्यांनी हाक मारली, "पोरी, पानी आन गं." मी उठले आणि थबकले. आत्याबाई तांब्या घेऊन पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "ती पाण्याला शिवत न्हाई. आजून निगुरी हाय." आबांना काही कळेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. मग त्यांनी तांब्या घेतला, हातात धरून बसले आणि न पिता खाली ठेवला.

निघताना मला मागच्या दाराशी म्हणाले, "संक्रांतीला तुला माहेराला न्यायला येतो. त्या दिशी तुझ्या हातचं पानी पडवीत बसून, समद्यांदेखत पिईन. तसं नसंल तर तुला घिऊन जाईन आन पुन्ना ह्या उंबऱ्यावर पाय ठिवनार न्हाई."

आमचे आबा फार बोलणारे नव्हते. पण एकदा बोलले की मोटेच्या नाड्यासारखे, सरळ आणि ताणलेले. मला रडू फुटलं. संक्रांतीला उरले होते तीन महिने.

त्यानंतर आठच दिवसांत मामंजी घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सूनबाईची आई आजारी हाय म्हनं. भेटवून आनतो." आई आजारी नव्हती. भोसरीपर्यंत बैलगाडी, तिथून चाकणची एस.टी., आणि पुढे मामंजी मला थेट टेकडीवर घेऊन गेले. बाबाजी म्हणजे हाडाचे, काळेसावळे, मिश्किल डोळ्यांचे म्हातारे. अनुग्रह द्यायची त्यांची रीत अशी, की गुरू आणि शिष्य दोघांच्या डोक्यावरून एक घोंगडी ओढायची आणि आत अंधारात कानात सांगायचं. घोंगडीत बकरी, तंबाखू आणि विभूती यांचा मिळून एक वास होता. बाबाजींनी पहिलं अक्षर उच्चारलं आणि मला शिंक आली. खंड पडला म्हणून पुन्हा सुरुवात. पुन्हा शिंक. बाहेरून मामंजींचा आवाज आला, "बाबाजी, दोन झाल्या!" तिसऱ्या वेळेला मी नाक दाबून बसले तेव्हा कुठे मंत्र पुरा झाला.

काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. आज माझी पतवंडं शाळेत जातात, तरी नाही. बसायचं कसं तेवढं सांगते, कारण ते पुढे सगळ्या गावाने पाहिलंच. पाठ ताठ, खांदे सैल, डोळे अर्धे मिटलेले, जिभेचा शेंडा उलटा टाळूला. श्वास आत जाताना शब्दाचा अर्धा भाग, बाहेर येताना उरलेला अर्धा. जोर लावायचा नाही, नुसतं पाहत राहायचं.

"हे आमच्या मूळपुरुषानं गिरनारावरनं आनलं," बाबाजी घोंगडीतच म्हणाले. "दुसऱ्या कुणापाशी न्हाई. पादुका धुनाऱ्यांपाशी तर न्हाईच न्हाई."

आईला भेटायचं ते राहिलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी मला गोठ्यात बोलावलं, दाराबाहेर डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "आन पोरी, पानी दे." मी माझ्या माठातलं दिलं. त्यांनी डोळे मिटून प्यायलं. म्हैस आमच्याकडे बघत होती. "तुझ्या सासूला इतक्यात सांगू नगं. येळ बघून मी सांगीन." मी मान डोलावली.

ती वेळ काही येईना. त्याआधी एका मंगळवारी आत्याबाईंचीच वेळ आली.

"सूनबाईची दाढ दुखती," आत्याबाईंनी चुलीला सांगितलं, मामंजींना ऐकू जाईल असं. "तळेगावला माझ्या माहेरच्या वैद्याला दाखवून आणते." माझी दाढ उत्तम होती. मी काय करायला हवं होतं, ते आजही मला नीट कळत नाही. खरं सांगावं तर मामंजींचं गुपित फुटतं, आणि गुरूची गोष्ट फोडायची नाही असं घोंगडीखाली वचन दिलेलं. न सांगावं तर एका बाईला दोन गुरू होतात. दोन्हीकडे पाप. मग जे पाप हात धरून गाडीकडे ओढत होतं त्याच्यासोबत गेले. आणि अगदी पोटातलं सांगू? आबांचा तो न प्यालेला तांब्या माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हता. दोघांनीही माझ्या हातचं प्यावं असं मला वाटत होतं.

आत्याबाईंचे गुरू म्हणजे निवृत्त स्टेशनमास्तर. स्वच्छ पांढरं धोतर, काळी टोपी, खिशात साखळीचं घड्याळ. स्टेशनाजवळच राहायचे. आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "आता मालगाडी येईल. ती जाऊ दे. नंतर पॅसेंजरपर्यंत बावीस मिनिटं मोकळी आहेत. त्यात अनुग्रह होतो." मालगाडी धडधडत गेली. भिंतीवरच्या तसबिरी थरथरायच्या थांबल्या. त्यांनी एका उपरण्याने दोघांचे कान झाकले आणि सांगितलं.

शब्द वेगळा होता. पण त्याची लांबी तीच, वजन तेच, अर्धा आत आणि अर्धा बाहेर. एकाच मागावर विणलेली दोन लुगडी, एक हिरवं आणि एक जांभळं, तसं. मग ते बसायचं कसं ते शिकवू लागले. "पाठ ताठ," म्हणेपर्यंत माझी पाठ ताठ. "जीभ..." म्हणेपर्यंत जीभ टाळूला. त्यांनी चष्मा वर केला.

"बाई," ते आत्याबाईंना म्हणाले, "पन्नास जणांना तरी अनुग्रह दिला असेल मी. इतक्या लवकर कुणाला जमलं नाही. ही पूर्वजन्मीची तयारी आहे."

पूर्वजन्म कसला? पंधरा दिवसांपूर्वीची घोंगडी!

निघताना त्यांनी समजावलं की हे ज्ञान त्यांच्या परंपरेतल्या पहिल्या पुरुषाला गिरनारावर मिळालं, आणि राख फासून हिंडणाऱ्यांना त्याचा वासही नाही. गिरनार ऐकलं आणि मी एकदम वर पाहिलं. पण पॅसेंजरची वेळ झाली होती.

आत्याबाई घरी येईपर्यंत माझ्या पूर्वजन्माचं कौतुक करत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कणगीच्या खोलीत बोलावलं, कडी लावली आणि माझ्या हातचं पाणी प्यायल्या. "यांना इतक्यात कळू देऊ नकोस. मीच सांगेन, रागात नसतील तेव्हा."

त्यानंतरचे ते दोन महिने आठवले की मला अजून हसू येतं. घरात दोन माणसं माझ्या हातचं पाणी चोरून पीत होती आणि दोघंही एकमेकांसमोर मला माठापासून हाकलत होती. आत्याबाई पडवीतून ओरडायच्या, "माठाला शिवू नको गं, निगुरी!" आणि माझ्याकडे बघून डोळा बारीक करायच्या. मामंजी जेवताना मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, "आजून निगुरीच हाय, काय करावं," आणि पाटावरून उठले की खाकरत गोठ्याकडे निघायचे. ती खूण. मी तांब्या पदराखाली घेऊन मागून. माझ्या यजमानांच्या लक्षात आलं. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबा गोठ्यात पाणी पितात, आई कणगीपाशी पिते. घरात चाललंय तरी काय?"

"तुमची शिफ्ट आहे ना?" मी म्हटलं.

दिलेलं साधन मी करत मात्र होते. दुपारी घर सामसूम असायचं, तेव्हा मागच्या दाराशी बसायचे. दोन शब्दांपैकी कुठला घ्यायचा हा प्रश्न होता. म्हणून एक दिवस हा, एक दिवस तो. तशीच एकदा बसले होते आणि पापडाची टोपली धप्पकन आपटल्याचा आवाज आला.

"ए छोकरी! ये किसने सिखाया तुझे?"

डोळे उघडले तर अम्मा कमरेवर हात ठेवून उभ्या. मी गडबडले. म्हटलं, काही नाही, पेंगत होते.

"मुझे मत सिखा. जीभ ऊपर, आँख आधी. ये तो हमारे मुर्शिद का है!"

अम्मा होत्या हिंदू. घरात कृष्णाची तसबीर होती. पण त्यांचा गुरू एक मुसलमान फकीर. त्यांच्या मुलखात तशी चाल होती म्हणे, कुणाला त्याचं काही वाटत नसे. फाळणीत गाव गेलं, घर गेलं, फकिराची कबर तिकडेच राहिली. वाटेत झडती घेणाऱ्यांनी बांगड्यासुद्धा काढून घेतल्या. कानातला शब्द तेवढा कुणाला सापडला नाही. तो घेऊन अम्मा पिंपरीच्या बराकीत येऊन पडल्या होत्या. आता त्या शब्दाची बैठक एका मराठी पोरीने कुठून उचलली, याचा त्यांना धक्का बसला होता.

मी त्यांना सगळं सांगितलं. मंत्र नाही, बाकी सगळं. मला कुणाला तरी सांगायचंच होतं. अम्मा हसून हसून भिंतीला टेकल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, त्यांच्या फकिराच्या फकिराला हे एका जोग्याने दिलं होतं, कान फाडलेल्या.

"तो जोगी कुठला?"

"कौन जाने. कहते हैं गिरनार से उतरा था।"

मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. अम्मा मात्र माझ्याकडे बारीक नजरेने बघत होत्या. "कंधा ढीला छोड. तू कोई घागर उठा रही है?" असं म्हणून त्यांनी माझे खांदे खाली दाबले, आणि टोपली डोक्यावर घेता घेता स्वतःचा शब्दही कानात सांगून गेल्या. मी मागितला नव्हता. तिसराही तसाच, अर्धा आत आणि अर्धा बाहेर.

बघता बघता संक्रांत आली. मामंजींना वेळ सापडली नव्हती आणि आत्याबाईंना राग नसलेला दिवस. आबा आले, पडवीत बसले, पटका काढून मांडीवर ठेवला. आत्याबाई तांब्या घेऊन पुढे झाल्या तशी त्यांनी हात आडवा केला.

"ऱ्हाऊ द्या इहीनबाई. पोरीच्या हातचं मिळालं तर पितो. न्हाईतर हिला घिऊन असाच निघतो."

"दे पोरी, तुझ्या बाला पानी दे," मामंजी म्हणाले.

"जा गं, भर तांब्या," आत्याबाई म्हणाल्या.

दोघं एकाच दमात बोलले. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तीस वर्षांत आत्याबाईंनी चुलीला मध्ये न घेता नवऱ्याला विचारलेला तो बहुतेक पहिला प्रश्न.

"तुम्ही कसं काय दे म्हणालात?"

"ती सगुरी हाय म्हनून."

"आहेच. मी केलीय तिला. तळेगावला."

"तू? आगं मी केलीया! घोंगडीखाली! दोन शिंका मी सोता मोजल्या!"

"तरीच तिला एवढ्या लवकर जमलं! आणि मी बापडी तिच्या दाढेचं निमित्त..."

"म्हंजी दाढ खोटी व्हय?"

"आणि आई आजारी होती ती?"

"कोन आजारी?" आबा उठून उभे राहिले. "हिची आई? चांगली ठनठनीत हाय की!"

यजमानांनी डबा शोधायला सुरुवात केली. "माझी शिफ्ट..."

"गप बस!" मायबाप दोघं एकदम. "आज सुट्टी हाय!"

आता सगळे माझ्याकडे वळले. कुणाची तू, खरं सांग. मी काय सांगणार? तीन गुरू, तिन्ही गुपितं. पदर नाकापर्यंत ओढून घेतला. आबांच्या चेहऱ्याकडे बघवेना. पोर घरातून जाणार की राहणार, हे त्या माणसाला कुणी सांगत नव्हतं.

"बस," मामंजी म्हणाले. "आत्ता हितं बसून दाव. बैठक लपत न्हाई. बाबाजींची हाय का पादुकावाल्यांची, लगीच कळंल."

मी पोत्यावर बसले. पाठ ताठ, खांदे सैल, जीभ टाळूला. कुंपणापलीकडे तिळगूळ द्यायला आलेल्या दोन बायका थांबून बघायला लागल्या.

"ही बघ!" मामंजी गरजले. "आमची!"

"काहीतरीच! हे आमचं," आत्याबाई म्हणाल्या. "मी रोज करते."

"तू? कुठं?"

"कणगीपाशी. तुम्ही गोठ्यात जाता तेव्हा."

"मग गोठ्यात मी काय करतो असं तुला वाटलं?"

"मला वाटलं, काहीतरी धुराचं."

"दाव करून."

"आधी तुम्ही."

मामंजी धोतर सावरून माझ्या उजवीकडे बसले, आत्याबाई गुडघा धरून डावीकडे. दोघं अर्ध्या डोळ्यांनी एकमेकांकडे बघत होते, आणि अर्धे डोळे मिटायचेच असल्यामुळे ते नियमातही बसत होतं. पाठ तशीच. खांदे तसेच. हनुवटीसुद्धा तशीच. तीस वर्षं एका छपराखाली, मध्ये एक भिंत, आणि एकच गोष्ट दोघांनी एकमेकांपासून लपवून केलेली! कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. अर्थात जीभ टाळूला होती, हेही एक कारण.

तेवढ्यात अम्मा पापड घेऊन आल्या. त्यांनी आम्हा तिघांची रांग बघितली आणि टोपली जागच्या जागी खाली ठेवली.

"हाय रे मेरे साईं! पूरा खानदान?"

आणि कुणी बोलवायची वाट न पाहता त्याही चौथ्या म्हणून पोत्याच्या कडेला बसल्या. तश्शाच.

मग गिरनार निघाला. मामंजी म्हणाले हे गिरनाराहून आलेलं. आत्याबाई म्हणाल्या गिरनाराहूनच, पण आमच्याकडे. अम्मा म्हणाल्या, "हमारा जोगी भी वहीं का।" आबा बिचारे सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"कुठं आलं हे गिरनार? खेडच्या अलीकडं का पलीकडं?"

कुणी गेलंच नव्हतं तिथे. आबांनी आम्हा चौघांना जरा वाकून न्याहाळलं आणि म्हणाले, "मला वाटलं काय तरी मोठं असंल. ह्ये तर मी मोटंवर रोज करतो. तंबाखूची गुळी धरली की जीभ आपसूक टाळूला जाती. बैलं मागं सरली की श्वास आत, म्होरं गेली की भाईर. मान वळवून बघाया लागत न्हाई, मोट भरली का ते छातीतच कळतं."

"तंबाखू!" मामंजी दुखावले. "पाव्हणं, ह्याला परंपरा लागती."

"आमच्या आज्यापास्नं मोट हाय," आबा म्हणाले.

तुम्हाला वाटेल, त्या दिवसापासून सगळे एकत्र बसायला लागले. छे हो. दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी गोठ्यात आणि आत्याबाई कणगीपाशी, दारं लावून, जशीच्या तशी. फक्त आत जाताना मामंजी विचारायचे, "बसतीस का?" आणि त्या म्हणायच्या, "बसते." बाकी भांडण मिटलं नाही, नुसतं बदललं. आधी म्हणायचे तुमचं खोटं, आता म्हणायचे तुम्ही आमचं चोरलं. चोरी कुणी कुणाकडे केली याचा निकाल दोघं गेली तरी लागला नाही. मला विचाराल तर आपलंच दुसऱ्याच्या घरात सापडलं की माणसाला आधी चोर आठवतो, नातेवाईक नंतर. पण चोराच्या निमित्ताने का होईना, दोघं एकमेकांशी बोलायला लागली आणि चुलीला जरा उसंत मिळाली.

हे मी पुढचं सांगून टाकलं. त्या दिवशी आबांना अजून पाणी मिळालेलं नव्हतं.

"आरं," ते शेवटी म्हणाले, "तुमचं बसून झालं असंल तर मला पानी मिळंल का?"

मी उठले. मागच्या दाराकडे माझ्या माठापाशी जायला निघाले, तर आत्याबाई म्हणाल्या, "तिकडं कुठं? घरचा माठ हाय की." घाईत निम्मं पाणी लुगड्यावर सांडलं. आबांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला, सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं, आणि वरून धार धरून प्यायले. एका दमात. गळ्याची घाटी वरखाली होत होती. रिकामा तांब्या माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "आजून आन." तहान नव्हती, मला कळत होतं. मी आणला, तोही प्यायले. मग पोटावर हात फिरवून म्हणाले, "आता ह्यांस्नी दे."

तिसरा तांब्या भरून आणला तर समोर दोन हात. एक मामंजींचा, एक आत्याबाईंचा. दोन्ही पुढे, दोन्ही ताठ. कुणाला आधी द्यायचं? इकडे दिला की तिकडे रुसवा, तिकडे दिला की इकडे, आणि मग आलीच पुन्हा तहान आणि पुन्हा गोठा.

मी तांब्या अम्मांपुढे धरला.

अम्मांनी घेतला. त्यांना कसलीच घाई नव्हती. घोट घेतला, थांबल्या, पदराने ओठ टिपले, पुन्हा घोट घेतला. त्यांचं पिऊन होईपर्यंत ते दोन हात तसेच पुढे राहिले.